दोन पांढरी पिल्लं

आमच्या घरच्या कोंबड्या काळ्याच. गावाला राखणीला, म्हणजे ग्रामदेवाला द्यायला, काळा कोंबडा लागतो आणि तो आमच्याकडून जातो, याचा मला जरा जास्तच तोरा आहे. मी पोलादपूरहून रोज महाडच्या शाळेत जाते, नववीला विज्ञान शिकवते. अंड्यांवर बसू पाहणाऱ्या खुडूक कोंबडीकडे बघायला वेळ कुठला? म्हणून गेल्या वर्षी कोंबडी आणि तिची आठ अंडी शेजारच्या काकींकडे अर्ध्या वाट्याने दिली. अंडी त्यांनी उबवून घ्यायची, पिल्लं वाढवायची, निम्मी त्यांची, निम्मी माझी.

आठही फुटली. पिसं आली तेव्हा बघते तर सहा काळी, दोन पांढरी. काकींच्या स्वतःच्या कोंबड्या पांढऱ्या. माझ्या जिभेला हाड नाही. एखाददुसरं अंडं बदललं का, असं मी अंगणात उभ्याउभ्या विचारलं.

"बाई, कोंबडी तुमची, कोंबडा तुमचा. मी निसती बसवली," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सहाही काळी पिल्लं माझ्या दारात बांबूच्या डालीखाली झाकलेली होती. पांढरी दोन त्यांनी ठेवून घेतली आणि बोलणं बंद केलं. मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

आठवड्याने वर्गात आनुवंशिकतेचा, वाटाण्याच्या झाडांचा धडा आला. एका मुलीने विचारलं, दोन्ही झाडं उंच असताना त्यांचं एखादं रोप बुटकं कसं निघतं? मी पाठ केल्यासारखं सांगितलं, की अप्रभावी जनुक दोघांतही लपलेलं असतं, दोघांकडून आलं की दिसतं, चारांत साधारण एकदा. सांगितलं आणि खडू हातातच राहिला. इतकी वर्षं हे शिकवतेय, आणि घरच्या आठ पिल्लांत मला ते दिसलं नाही. फार लाज वाटली.

संध्याकाळी तशीच काकींकडे गेले. माफी मागितली. पांढरा रंग माझ्याच काळ्या जोडीत लपला होता, हे अंगणात काटकीने चार घरांचा चौकोन काढून समजावलं. त्यांनी चौकोनातल्या एकेका घरावर बोट ठेवून बघितलं.

"माझ्या थोरलीचं डोळं घारं," त्या म्हणाल्या. "आमा दोघांचं काळं. सासू मरेपर्यंत इचारीत होती, पोर कुनाची म्हणून."

डोळ्यांचं गणित पिल्लांइतकं सरळ नसतं, पण काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घाऱ्या डोळ्यांचं मूल होतं, अगदी खुशाल होतं, असं मी सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग चहा ठेवला. इतका गोड चहा मी खूप दिवसांनी प्यायले.

निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"थोरली गणपतीला येनार हाय. तिच्याफुडं हे परत सांगाल?"