सिंधूताईंच्या घराचा दरवाजा

सिंधूताई वैरागडे आमच्या नागपूरच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारायच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणाबद्दल लिहायला बसलं की आमच्याकडे त्या माणसाला उगीच थोर करून ठेवतात. सिंधूताई थोर वगैरे नव्हत्या. तोंडाने फटकळ होत्या, चहात साखर ओतायच्या, आणि पोरांनी थर्माकोलचा कचरा टाकला की त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मला त्या आवडायच्या. माझा स्वभावही काही फार गोड नाही.

त्यांचे यजमान डोमाजी त्याच वर्कशॉपमध्ये मिस्त्री होते. पोरं त्यांना डोमाकाका म्हणत. लाकडाचा असो की लोखंडाचा, सांधा जोडून झाला की ते बोट वाकवून त्याच्यावर टकटक करायचे आणि कान देऊन ऐकायचे. एके सकाळी असेच टेबलापाशी उभे होते, ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. दवाखान्यात न्यायलाही अवधी मिळाला नाही. मूलबाळ नव्हतं, भाऊ होता तो आधीच गेलेला. वर्कशॉपच्या मागे कॉलेजने दिलेली पत्र्याची खोली होती, तिथेच सिंधूताई राहत राहिल्या आणि झाडूचं काम त्यांना मिळालं.

राहत राहिल्या, पण एकट्या नाही. संध्याकाळी त्या दोन कप चहा मांडायच्या. कुणी विचारलं तर सरळ सांगायच्या, "एक ह्यांचा." डोमाजी अजून वर्कशॉपमध्ये आहेत, दुपारी टेबलापाशी असतात आणि दिवेलागणीला खोलीत येतात, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. रडारड नाही, अंगात येणं नाही. शेजारची बाई बाजारात गेली म्हणून सांगावं, त्या सुरात सांगायच्या.

मी या गोष्टी मानत नाही. पण एकदा भर दुपारी वर्कशॉपमध्ये पोरांच्या जर्नल्स तपासत बसले होते, दुसरं कुणी नव्हतं, आणि मागच्या टेबलावर टकटक झाली. थोडा वेळ गेला, पुन्हा टकटक. उन्हाने तापलेला पत्रा वाजतो, हे मीच पहिल्या वर्षाला शिकवते. तरी मी जर्नल्स उचलल्या आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू!

पुढे कॉलेजला पार्किंगसाठी जागा हवी झाली आणि ती खोली पाडायचं ठरलं. उमरेड रोडवरच्या एका गावात डोमाजींच्या वाट्याची थोडी जागा होती, नुसतीच मोकळी. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी ठरवलं की आपण सिंधूताईंना तिथे घर बांधून द्यायचं, प्रीफॅब. म्हणजे भिंती, छप्पर, दरवाजा असे सगळे भाग वर्कशॉपमध्ये तयार करायचे आणि जागेवर नेऊन बोल्टने जोडायचे. पुढाकार वेदिका हटवारचा. हुशार पोरगी, पण बोलायला लागली की भिंतीलाही "संवाद साधणारी" म्हणायची. हा आमच्या कॉलेजातला साथीचा रोगच आहे. तिचा जोडीदार हर्षित, तो कमी बोलायचा आणि बोल्ट नीट कसायचा. त्यामुळे घर झालं.

असं घर गावी न्यायच्या आधी एकदा जोडून पाहावं लागतं. एखादं भोक चुकलं तर ते इथेच कळलेलं बरं. तसं त्यांनी ते कॉलेजच्या मागच्या अंगणात, सिंधूताईंच्या खोलीसमोरच उभं केलं. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, पुढे छोटी पडवी. मी उभी राहून चुका शोधत होते, तो माझा पगारी धंदा आहे. सिंधूताई पदराला हात पुसत आल्या, चपला काढून आत गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मग त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"आले वं हे आतमधी," त्या म्हणाल्या. "सांधे पाहून राहिले."

आम्हाला काही ऐकू आलं नाही. पण त्या हसत होत्या. डोमाजी गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. त्या दिवसापासून संध्याकाळचे दोन कप त्या नव्या घरात मांडले जाऊ लागले.

"पोरी," त्या वेदिकाला म्हणाल्या, "घर नेसान तेव्हा मले सांगजो. मी संगच येईन."

वेदिका म्हणाली, हो ताई. तिला वाटलं, म्हातारीला टेम्पोत बसायची हौस आहे.

आणि मग या पोरांनी त्यांच्या पिढीलाच सुचेल असा उद्योग केला. सरप्राइज! सिंधूताईंना काहीतरी कारण काढून बहिणीकडे काटोलला पाठवलं. त्या तिकडे असताना घर उकललं, भागांवर खडूने आकडे टाकले, सिंधूताईंच्या सामानासकट ट्रकने गावी नेलं आणि जोडलं. झेंडूच्या माळा लावल्या. दारावर लाल रिबन. रील काढायला दोन मोबाइल सज्ज. इकडे कॉलेजच्या ठेकेदाराने मोकळी खोली पाहिली आणि जेसीबी घालून पाडून टाकली. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी ओरडले असते, आणि नेहमीप्रमाणे कुणी ऐकलं नसतं.

काटोलहून आणून सिंधूताईंना दारात उभं केलं तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती. त्यांनी रिबन कापली नाही, बाजूला सारली. उंबऱ्यात उभ्या राहून चौकटीवर बोटाने टकटक केली आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. टाळ्या बंद झाल्या.

"घर आलं," त्या म्हणाल्या. "हे कुठं आहेत?"

सिंधूताई बाहेर आल्या आणि पोतं टाकून अंगणातल्या बाभळीखाली बसल्या. त्या रात्री तिथेच झोपल्या. दुसऱ्या दिवशीही. शेजारच्या शोभाताई त्यांना भाकरी देत होत्या, आणि घर झेंडूच्या माळांसकट रिकामं होतं. पोरांना वाटलं, आत उकडत असेल. पोरं धावली आणि छपराखाली चटया लावून आली. उपयोग शून्य. शेवटी वेदिका आणि हर्षित मला घेऊन गेले.

मे महिना होता. सिंधूताईंचा चेहरा उन्हाने काळवंडला होता. मी नेहमीसारखं तणतणत विचारलं, "काय हो, इतकं चांगलं घर सोडून इथे काय बसलात?"

"मॅडम, खोली पाडली. घर नेलं," त्या म्हणाल्या. "मंग हे कुठं जातीन? तिथं उन्हात उभे असतीन. त्यायले कोणी सांगतलंच नाही कुठं याचं ते."

त्यांच्या माहेरची रीत त्यांनी सांगितली. माणूस परक्या जागी वारला की त्याला घरी आणावं लागतं. संगत करून, वाटेत प्रत्येक वळणावर हाक मारत. "पूल आला, या. चौक आला, या." त्यांचे वडील दवाखान्यात वारले, तेव्हा काकाने त्यांना असंच गावापर्यंत आणलं होतं. हाक मारली नाही तर माणूस होता तिथेच राहतो, वाट पाहत. आमचे हे शहरातच राहिले ते बरंच होतं, त्या म्हणाल्या, मी तिथंच होती ना.

वेदिका रडायला लागली. मग डोळे पुसून तिने जे विचारलं, ते एखाद्या आर्किटेक्चरच्या पोरीनेच विचारावं. "ताई, आपलं घर उकलतं. सगळं परत न्यायला लागेल, की एखादा भाग चालेल?"

सिंधूताईंनी घराकडे पाहिलं. "दरवाजा ने," त्या म्हणाल्या. "माणूस दरवाजातूनच येते."

हर्षितने बोल्ट काढले. चौकटीसकट दरवाजा एका छोट्या टेम्पोत चढला आणि नागपूरला परत आला. अंगणात खोलीच्या जागी विटांचे तुकडे आणि धूळ होती. आम्ही दरवाजा उतरवून तिथे उभा केला. सिंधूताईंनी तो उघडला, पलीकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. "अजी, चला," त्या म्हणाल्या. दरवाजा पुन्हा टेम्पोत चढला. हर्षित ड्रायव्हरशेजारी बसला. मागे एका फळीवर सिंधूताई, वेदिका आणि मी, समोर दरवाजा. त्या दिवशी दुपारी माझ्याकडे विद्यार्थ्यांची परीक्षा होती आणि मी इथे मेलेल्या माणसाला घरी पोचवायला निघाले होते. माझा मलाच राग येत होता.

"अजी, फाटक आलं. अजी, वळण आलं." सिंधूताई मागे पाहून सांगत होत्या. नाग नदीचा पूल आला. "अजी, पूल आला." टेम्पो पुलावर गर्दीत अडकला. हॉर्न वाजत होते. सिंधूताई फळीवरून अर्धवट उठल्या.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "मागं कोणीच नाही. ते निघालेच नाहीत तिथून."

"काहून?" वेदिकाने घाबरून विचारलं. तिच्या तोंडून एरवी असा गावाकडचा शब्द यायचा नाही.

"अजी म्हटल्यावर कसं समजंन, कोणाले बलावून राहिले ते? माह्या काकानं नाव घेतलं होतं. नावानं हाक माराव लागते."

"मग मारा की," मी म्हणाले.

सिंधूताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिवी द्यायला सांगितली. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल, लग्नात, बायांनी अडवून धरलं तेव्हा. हाक म्हणून नाही. बँकेत, दवाखान्यात नाव सांगायची वेळ आली की त्या शेजारच्या माणसाकडे बोट दाखवायच्या. डोमाजी गेले त्या सकाळीसुद्धा टेबलापाशी बसून त्या "अजी, उठा, अजी" एवढंच म्हणत होत्या. मी तिथे होते, मी ऐकलं आहे.

"मी मारते हाक," वेदिका म्हणाली. "डोमाकाका ऐकतील माझं."

"नाही पोरी. घरच्या माणसानंच माराव लागते. अन् घरचं आता मीच."

टेम्पो मागे फिरला. ड्रायव्हर कुरकुरत होता, मी त्याला झापलं. कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी गाडी उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं. अंगणात चिटपाखरू नव्हतं, नुसती ती पाडलेली खोली. सिंधूताईंचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी दरवाजाची चौकट धरली. त्यांच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. मला वाटलं, ही बाई आता कोसळते. पुरे करा म्हणून सांगायला मी तोंड उघडलं.

"डोमाजी!"

केवढ्याने ओरडल्या त्या! वेदिका दचकून माझ्या अंगावर आली.

"डोमाजी! या! मी आली न्याले!"

अंगणात सगळं गप्प होतं. सिंधूताईंना धाप लागली होती. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता आणि लग्नाच्या मुलीसारख्या त्या खाली मान घालून बसल्या होत्या. आणि टेम्पो मागच्या बाजूने खाली दबला. कुणी फळकुटावर पाय देऊन वर चढावं, तसा दबला आणि मग सावरला.

ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "मॅडम, कोणी चढलं का मागं?"

मी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. गाडी उभीच होती, त्यामुळे खड्ड्याचंही कारण देता येईना. स्प्रिंग जुन्या असतील. ऊन फार होतं. मला बरंच काही सांगता आलं असतं, मी शिकवते ते.

सिंधूताईंनी डोळे पुसले आणि फळीवर जागा करत माझ्या बाजूला सरकल्या.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हीबी जरा सरका."

मी सरकले.