पांघरुणाला पाठ नसते

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही वस्तू घाईनं घेतलेली नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वस्तू घेतलेल्याच नाहीत. घ्यायच्या आधीच त्या वस्तूचा त्यांचा इतका अभ्यास होतो की ती घरी आणायची गरजच उरत नाही. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूसारख्या गावात, जिथं माणसं सकाळी बटण दाबतात आणि संध्याकाळी खोकं दारात येऊन पडतं, तिथं या गृहस्थानं टोस्टर घ्यायला दीड वर्ष लावलं. तेवढ्या काळात विहीणबाई मुकाट्यानं तव्यावर पाव भाजत राहिल्या, आणि टोस्टर आला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी व्याह्यांचा पाव बंद केला. आमच्या मुलाचंही तेच. मुलांनी आपापलं जमवलेलं होतं, मोठ्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. आम्ही चहा निवायच्या आत म्हटलं. व्याह्यांनी मात्र वेळ मागून घेतला. मुलाला दोनदा जेवायला बोलावलं, एकदा स्वतः त्याच्याकडे जेवून आले, त्याच्या गाडीत बसून फ्रीवेवर चक्कर मारून आले, आणि साखरपुड्याच्या दिवशी मला बाजूला घेऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाकी सगळं उत्तम आहे हो. रिटर्न पॉलिसी काय?" मी मुलाकडचा. रुसायचा मान माझा. पण तोंड फुगवायला गेलो आणि हसूच फुटलं, आणि तेव्हापासून आमची दोस्ती आहे. निवृत्त झाल्यावर मी आणि आमची ही मुलाकडे राहायला आलो, त्यामुळं व्याह्यांच्या संशोधनाचा हक्काचा श्रोताही मीच झालो.

त्यांची मुलगी रेवा म्हणजे आमची सून. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण आपण मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, असा घरात रिवाज पडलेला. पोरगी डोंगरवेडी. पाठीवर सामान बांधायचं, दोन दिवस चालायचं आणि कुठल्या तरी तळ्याकाठी तंबू ठोकायचा, ही तिची सुट्टी. कॉलेजात असताना तिनं बापाला विचारलं होतं, "बाबा, कम विथ मी." बाबा हरखले. लगेच स्लीपिंग बॅग शोधायला लागले. उन्हाळाभर शोधली. ती निवडून होईपर्यंत डोंगरात बर्फ पडला आणि वरचा रस्ता बंद झाला. पुढच्या उन्हाळ्यात ती मैत्रिणींबरोबर गेली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही. भांडली नाही, बोलली नाही, फक्त विचारायचं थांबली. हे मला व्याह्यांनी एकदाच सांगितलं, आणि लगेच डिशवॉशरच्या आवाजाची मापं सांगायला लागले. मी काय ते समजलो.

तर या वर्षी, वसंतात कधीतरी, जेवताना पोळी मोडता मोडता रेवा पुन्हा म्हणाली, की सप्टेंबरात ती वर जाणार आहे, बाबांना यायचं असेल तर यावं. आणि ताटातून मान वर करून तिनं जोडलं, "बट आय ॲम नॉट वेटिंग." व्याही ठसका लागेपर्यंत हो हो म्हणाले. त्यांच्या गुडघ्याची तक्रार असल्यामुळं तिनं एकच अट घातली, सामान हलकं हवं. झालं! दुसऱ्या दिवशी गृहस्थ कामाला लागले.

या डोंगरवाल्यांत हल्ली स्लीपिंग बॅग मागं पडली आहे म्हणे. पिसांची हलकी रजई घेतात. तिला ते डाऊन क्विल्ट म्हणतात. आता चांगली रजई स्वस्त नसते, स्वस्त रजई हलकी नसते, आणि जी स्वस्त आणि हलकी असते ती गरम नसते, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. व्याह्यांना हे कळायला चार महिने लागले, कारण त्यांना तिन्ही गोष्टी एकाच रजईत हव्या होत्या. रोज सकाळी फोन. "बदकाचं पीस घ्यावं की हंसाचं?" मी म्हणालो, बदकाचं. "पण हंसाचं जास्त फुगतं." मग हंसाचं घ्या. "पण महाग पडतं हो." मग फोन ठेवा! त्यांच्या घरी आणखीच गंमत. विहीणबाई शाकाहारी, चतुर्थी करणाऱ्या. त्यांनी शंका काढली, "उपासाच्या दिवशी पिसं अंगावर घेतलेली चालतात का?" त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि चालतात असं ठरलं, कारण आपण ती खात नाही.

स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून व्याही दुकानोदुकानी हिंडायचे. पाटीवर लिहिलेल्या वजनावर त्यांचा विश्वास नाही. एका रजईत दोन औंस जास्त निघाले तेव्हा, इस्टेटीत भावानं फसवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. घरी मागवलेल्या रजया घेऊन ते पहाटे घरामागच्या डेकवर आडवे पडायचे, कानटोपी घालून. शेजारच्या बाईंनी विहीणबाईंना हळूच विचारलं, एव्हरीथिंग ओके ॲट होम? सकाळी सगळं घडी करून परत पाठवायचं. खोकी नेणारा माणूस यांना नावानं ओळखायला लागला. जुलै गेला, ऑगस्ट गेला. रेवा आमच्याकडे या विषयावर एक अक्षर काढत नव्हती. फक्त एकदा मी म्हणालो, "होईल गं त्यांचं," तर ती म्हणाली, "इट्स फाइन काका, आय ॲम यूज्ड टू इट." सासऱ्यालाही काकाच म्हणते ती. पण ते 'यूज्ड टू इट' मला फार लागलं. म्हातारा कितीही गमतीचा असला तरी पोरीनं असं सवयीनं म्हणावं, हे काही बरं नव्हे.

शुक्रवारी सकाळी निघायचं, आणि गुरुवारी दुपारी व्याही मला दुकानात घेऊन गेले. समोर दोन रजया. व्याही काट्यासह उभे. त्यांच्या कपाळावर घाम.

"ही घ्या," मी म्हणालो.

"घेतली असती हो. पण ही मागून उघडी आहे. दोन्ही तशाच. पाठच नाही! पाठीखाली दाबलेलं पीस गरम राहत नाही म्हणून पाठ काढूनच टाकलीय यांनी, खाली गादी घ्यायची म्हणे. म्हणजे अर्धी वस्तू आणि पूर्ण किंमत. चार महिने मी तिथंच अडकलोय."

माझं डोकंच फिरलं. उद्या सकाळी ती पोरगी एकटी गाडी काढणार, हा माणूस पुन्हा उरलेलं आयुष्य डिशवॉशरबद्दल बोलणार, आणि इथं पाठीची चौकशी चाललीय! मी दुकानात ओरडलोच, "अहो, पांघरुणाला कधी पाठ असते का?"

 व्याह्यांनी हातातली रजई पुरी उलगडली, दोन्ही टोकं धरून लांब करून पाहिली.

"पांघरूण आहे हे?"

"मग काय आहे?"

"मी याला क्विल्ट समजत होतो," ते म्हणाले. खरंच असं म्हणाले. "पांघरूण म्हटल्यावर काय बघायचं त्यात? पांघरूण कुठलंही चालतं. आधी नाही का सांगायचं?" आणि ज्या माणसानं टोस्टरला दीड वर्ष लावलं त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत, गेल्या वर्षीच्या रंगाची म्हणून स्वस्तात लावलेली एक भडक नारिंगी रजई उचलली, न मोजता काखोटीला मारली आणि काउंटरकडे चालू लागला. मला तर क्षणभर त्यांची तब्येत बिघडली असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी रेवानं आमच्या ड्राइव्हवेत गाडी लावली होती. व्याही आपल्या गाडीतून सॅक घेऊन उतरले. नवे बूट, टोपी, चेहऱ्यावर वरातीला निघाल्याची कळा. रेवानं सॅक उचलून पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, धिस इज टू हेवी. व्हॉट्स इन हिअर?" व्याही म्हणाले, काही नाही, सगळं तूच सांगितलेलं. तिनं सॅक उघडली. वर शेंगदाण्याची चिक्की, पाण्याची बाटली, आणि खाली एक गलेलठ्ठ गाठोडं. निळ्या चौकड्यांचं फ्लॅनेल, एका बाजूला ओळीनं शर्टाची बटणं.

"हे काय?" या वेळी मी विचारलं.

"खोळ," व्याही म्हणाले. "काल रात्री रेवाच्या आईनं शिवून दिली. नवं पांघरूण आहे, मळायला नको का? पिसं धुवायची म्हणजे काय कटकट असते, मी वाचलंय सगळं."

बरोबरच होतं त्यांचं. क्विल्टला खोळ नसते, पण पांघरुणाला असते. नव्या पांघरुणाला तर घालतातच. रेवानं एकेक बटण काढलं, आतली नारिंगी रजई ओढून काढली, एका हातात रजई आणि एका हातात खोळ धरून पाहिली. खोळ जड होती. चांगलीच जड होती.  आता ही पोरगी बोलते, आणि होत्याचं नव्हतं होतं. पण ती गाडीच्या बंपरवर बसली, तोंड खोळीत खुपसलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून व्याही पुढं झाले, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "फोर मंथ्स, बाबा! यू वेइड एव्हरी फेदर!" व्याही आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले, आणि ती दोघं तिथंच बसून हसत राहिली. शेवटी तिनं खोळ माझ्या हातात दिली, बापाची सॅक त्याच्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि गाडी सुरू केली.

रविवारी संध्याकाळी परत आले. सोमवारी व्याही चहाला आमच्याकडे. गुडघा सुजलेला, नाक उन्हानं सोललेलं. मी तासाभराच्या व्याख्यानाची तयारी ठेवून बसलो होतो, पण गृहस्थ काही बोलेचनात. तळं कसं होतं? छान होतं. थंडी? होती. शेवटी मीच विचारलं, "आणि ती रजई? कशी निघाली?"

"बरी आहे."

"नुसती बरी? वजन, ऊब, काहीच नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मला कुशीवर झोपायची सवय. पहाटे ते पांघरूण मागून सरकलं, पाठीला गार लागलं आणि जाग आली. ओढून घेणार, तेवढ्यात ती उठली. मी तसाच पडून राहिलो. तिनं ते वर ओढलं, पाठीमागून नीट खोचलं, आणि म्हणाली, झोप बाबा, अजून उजाडलं नाहीये."

"मराठीत?"

"मराठीत. झोपेतच असेल बहुतेक."

 आतून हिनं आणखी चहा हवा का विचारलं, तिला नको म्हणालो.

"मग? लागली का झोप?"

"कुठली झोप हो," व्याही खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ती परत आडवी झाली, जरा वेळ जाऊ दिला, आणि मी ते हळूच पायानं पुन्हा खाली सरकवलं."