वहिदाआपाचे अकरा

चिकलठाण्यात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वहिदाआपाची पिठाची गिरणी तीस वर्षांपासून आहे. आपा तिखट. रांगेतला डबा कुणी पुढं सरकवला तर तो तसाच घरी पाठवते, मग तो नगरसेवकाचा का असंना. मी चतुराबाई, तिची शेजारीण. माझंही तोंड काही कमी नाय, म्हणून आमचं जमतं.

जागा तात्यासाहेबांची, आपा भाडेकरू. मागच्या वर्षी ते येऊन म्हणाले, "आपा, मोठ्या दुकानाची कंपनी जागा बघतीय. ही पसंत पडली तर तुम्हाला उठावं लागंल." आपाच्या तोंडचं पाणीच पळालं. साठीला आलेल्या बाईनं नवी गिरणी मांडायची कुठं?

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसला, हातात टिकटिक करणारं यंत्र. गिऱ्हाईक किती ते बघायला, गिरणीत माणूस शिरला की टिक. दहा ते पाच, असे तीन दिवस.

आता आमच्याकडची तऱ्हा अशी, की कारखान्यात जाणारी माणसं पहाटे फर्स्ट शिफ्टला निघताना डबा रांगेत ठेवतात आणि सांजच्याला पीठ घेऊन जातात. दिवसभर दारात नुसते डबे, झाकणावर रंगानं नावं. प्रत्येक डब्यामागं एक घर. पण त्या शहाण्याला कुठलं कळतंय! तो फक्त डोकी मोजत होता.

तिसऱ्या दिवशी तो पाणी मागायला गिरणीत आला. जाता जाता म्हणाला, "मावशी, तुमच्याकडं दिवसाला अकराच माणसं येतात."

आपा भडकली. "अकरा? मेरे यहां अकरा? अरे बाबा, हे डबे बघ—"

मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला, की ती "या अल्ला!" म्हणून गप झाली.

"व्हय साहेब," मी म्हणलं, "लई मंदी हाय. ही नुसती माशा मारत बसती."

त्यानं लिहून घेतलं. कंपनीनं आमचा कोपरा सोडला आणि दुकान जालना रोडला टाकलं. तात्यासाहेब महिनाभर फुगून होते, मग आले दळण घेऊन. त्या दुकानात गहू स्वस्त, तो घेऊन लोक येतात आपाकडंच, कारण पिशवीतलं पीठ आमच्या बायांच्या पसंतीला उतरत नाय. रांग वाढली. आपा रोज सांजच्याला डबे मोजते आणि म्हणते, "त्रेचाळीस! अकरा म्हणे मेला!" लई बरं वाटतं ऐकायला.

पण जालना रोडला पुंजारामचं किराणा दुकान होतं. ते बसलं. आता तो त्याच मोठ्या दुकानात पोती रचतो. मी थाप मारली नसती तर ते दुकान तिकडं गेलं नसतं, हे मला ठाऊक आहे. तो भेटला की माझी मान खाली जाते. आपाला मी हे कधी बोलले नाय.

पुंजारामचा डबा रांगेत सगळ्यात शेवटी येतो. आपा तो उचलते आणि सगळ्यांच्या आधी दळते.