फरशी वाचणाऱ्या बाई

कुठल्याही दालनात शिरल्या की बाई आधी फरशीकडे बघायच्या. भिंतीवर काय आहे, काचेच्या कपाटात काय आहे, ते नंतर. लोक जिथून चालतात तिथली फरशी झिजून फिकट होते, जिथे घोळका थांबतो तिथे ती पुसटसा डाग धरते, आणि जिकडे कुणी फिरकत नाही तिथे तिचा मूळ रंग तसाच राहतो. "अभिप्रायाच्या वहीत सगळे 'छान' लिहून जातात," त्या म्हणायच्या. "फरशीला कुणाची भीड नसते."

दिल्लीतल्या एका जुन्या सरकारी संग्रहालयात त्या कीपर होत्या. वस्तू सांभाळायच्या आणि त्या कुठे, कशा मांडायच्या ते ठरवायचं, हे कीपरचं काम. पुण्याहून मांडणीचं शिक्षण घेऊन मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा सगळ्यांसारखं मीही त्यांना 'मॅडम' म्हटलं. त्यांनी फाइलवरून मान वर केली. "ते दिवसभर ऐकतेच गं. आपल्याकडे काय म्हणतात?" मी चाचरत 'बाई' म्हटलं. त्या पुन्हा फाइलमध्ये गेल्या, पण गालात हसल्या होत्या.

त्या लागल्या तेव्हाचं संग्रहालय म्हणजे इतिहासाचं पाठ्यपुस्तक होतं, असं त्या सांगायच्या. एका घराण्यामागून दुसरं घराणं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. शेवटच्या खोलीपर्यंत माणूस इतका दमायचा की तिथे काय आहे ते न बघता दार शोधायचा. बाईंनी हळूहळू भिंती पाडून घेतल्या, बंद खिडक्या उघडल्या, मध्ये बाक ठेवले. त्या बाकांसाठी त्या एका संचालकांशी वर्षभर भांडल्या. "लोग आकर सो जाएँगे, मॅडम," संचालक म्हणायचे. बाई म्हणायच्या, "सोने दीजिए ना सर. उठेंगे तो सामने मूर्ति दिखेगी!"

हा फिरवाफिरवीचा नाद घरीही होता. लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये कपाटं आणि खुर्च्या सारख्या जागा बदलत. मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा त्यांचे यजमान मला म्हणाले, "बसा. कालपर्यंत तरी लोक इथेच बसायचे."

बाईंचा जीव होता तो तळमजल्यावरच्या कांस्यमूर्तींच्या दालनात. ते त्यांनी एकटीने उभं केलं होतं. गडद निळ्या भिंती, जवळजवळ अंधार, आणि प्रत्येक मूर्तीवर एकच मंद दिवा. मधोमध उंच चौथऱ्यावर दीपलक्ष्मी, ओंजळीत पणती धरून उभी असलेली स्त्रीमूर्ती. "ब्राँझला अंधारच लागतो," हे बाईंचं ठाम मत. मी एकदा एक पडदा जरा सरकवून बघितला, तर लांबूनच आवाज आला, "लाव तो!" वरच्या मजल्यावर मातीची खेळणी, दिवे, स्वयंपाकघरातल्या जुन्या वस्तू होत्या. शाळांच्या सहली आल्या की पोरं तिकडेच धावत. बाई तिकडे क्वचित जात.

मग एका हिवाळ्यात बाई घरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पुष्कळ दिवसांनी त्या परत आल्या त्या चाकाच्या खुर्चीतून. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. होता तो सामान चढवायचा एक पाळणा. रामफल नावाचा आमचा जुना पहारेकरी म्हणाला, "मॅडम, उसी में ले चलें ऊपर?" बाई म्हणाल्या, "मैं सामान हूँ क्या, रामफल?" तो ओशाळला, मग दोघंही हसले.

त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची कांस्यदालनात न्यायला सांगितली. मी दीपलक्ष्मीसमोर थांबले. बाई बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. खालून त्यांना दिसत होता फक्त चौथरा, मूर्तीची पावलं आणि पेटीच्या काचेवर चमकणारा दिवा.

"तिचा चेहरा कुठाय गं?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची जरा मागे घेतली, तरी तो दिसेना.

"इतकी वर्षं मी माझ्याच उंचीच्या माणसांसाठी मांडत आले," त्या म्हणाल्या आणि खुर्ची स्वतःच मागे वळवायला लागल्या.

बाहेर जिन्याशी एका शाळेची सहल आली होती. पोरं गलका करत वर गेली. एक मुलगी तेवढी खाली राहिली, पायांना पट्टे बांधलेली, खुर्चीत बसलेली, शेजारी तिच्या टीचर. वरून हसण्याचे आवाज येत होते. आपल्यासारखीच खुर्ची बघून ती मुलगी बाईंकडे सरकली.

"आंटी, ऊपर क्या है?"

"खिलौने हैं बेटा. मिट्टी के, बहुत पुराने."

"कैसे?"

बाई रंगात येऊन सांगायला लागल्या. एक गाडी आहे, तिची चाकं अजून फिरतात. एक पक्षी आहे, त्याच्या शेपटीत फुंकलं की शीळ वाजते. मुलगी ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "बस आंटी. मत बताओ."

त्या दिवशी बाईंनी डबाही उघडला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी संचालकांपुढे प्रस्ताव ठेवला: खेळणी तळमजल्यावर आणायची आणि कांस्यमूर्ती वर न्यायच्या. हे आमचे नवे संचालक भले गृहस्थ होते, पण ते दचकलेच. "मॅडम, ब्रॉन्ज तो हमारी शान है. मिनिस्टर आते हैं तो पहले वही दिखाते हैं."

"मिनिस्टर सीढ़ी चढ़ सकते हैं, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "नहीं चढ़ सके तो लिफ्ट जल्दी मंज़ूर हो जाएगी."

संचालक हसत सुटले आणि तिथेच मान्यता मिळाली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, पण मग तुम्हालाच तुमचं दालन बघता येणार नाही."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "चल, कस्तुरबा गांधी मार्गावर जाऊ. आपल्या महाराष्ट्राच्या गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमध्ये आज थालीपीठ मिळतंय का बघू."

मूर्ती वर गेल्या ते दिवस मला नीट आठवतात. बाई जिन्याच्या पायथ्याशी बसून असायच्या. दीपलक्ष्मी सगळ्यांत शेवटी निघाली, घोंगडीत गुंडाळलेली. "आराम से! उसका बायाँ हाथ नाज़ुक है," बाईंनी हाक मारली. जिन्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली तरी बाई वर बघत राहिल्या. खाली मात्र त्यांनी जीव ओतला. खेळण्यांची कपाटं गुडघ्याच्या उंचीवर आली, त्यांच्याखाली खुर्ची जाईल एवढी जागा सुटली, अक्षरं मोठी झाली.

वरची मांडणी माझ्यावर आली. "तुमच्यासारखीच ठेवू ना?" मी विचारलं.

"खालच्या खिडकीत ऊन येत नव्हतं, वरच्या येतं. तू बघ."

मी फोनवर फोटो दाखवायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. "फोटोत खोली कळत नाही." थोड्याच महिन्यांत त्या निवृत्त झाल्या आणि दिल्लीतल्याच द्वारका भागात मुलाकडे राहायला गेल्या. निरोपाचं भाषण त्यांनी दोन वाक्यांत उरकलं आणि समोसे सगळ्यांना मिळाले का ते बघत फिरल्या.

लिफ्ट आली ती खरोखरच एका बड्या पाहुण्यांना जिन्यात धाप लागल्यानंतर. मी बाईंना फोन केला. आता त्या नाहीत, जाऊन वर्ष होत आलं. पण त्या फोननंतर त्या आल्या होत्या ती दुपार माझ्यापाशी आहे. मुलगा खाली थांबला. वॉकर टेकत त्या लिफ्टमधून बाहेर पडल्या. वर मी सगळं उलटं केलं होतं. भिंती पांढऱ्या होत्या, पडदे काढले होते. दीपलक्ष्मी बुटक्या चौथऱ्यावर खिडकीशी उभी होती आणि दिल्लीचं हिवाळी ऊन तिच्या खांद्यावरून ओंजळीत उतरत होतं.

बाई तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारून आल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते.

"हे मी कधीच केलं नसतं," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"आणि तेव्हा मला वर येता येत असतं, तर तुलाही करू दिलं नसतं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा, तुझं काम कर. मी बसते इथे जरा."