झिऱ्यात बूट

मित्रांनो, आज सकाळी जळकोटजवळच्या आटलेल्या तलावात पुण्याच्या एका बँडचं शूटिंग होतं. गाण्याला भेगाळलेली जमीन हवी म्हणाले. जागा मी दाखवली.

तलावाच्या मधोमध गावातल्या बायकांनी झिरा खणलाय. रात्रभरात त्यात चार घागरी पाणी साठतं. जनावरांनी ते गढूळ करू नये म्हणून वर बाभळीच्या काट्या टाकतात. फ्रेममध्ये नकोत म्हणून यांनी त्या ओढून काढल्या. मग ड्रमवाला बुटांसकट झिऱ्यात उतरून नाचला. पाणी उडताना छान दिसतं म्हणे.

तेवढ्यात गयाबाई घागर घेऊन आल्या. आज पाळी त्यांची होती.

"मावशी, दोन मिनिटं बाजूला व्हा," दिग्दर्शक म्हणाला.

"पाणी हाय ते आमचं! नाचायला तुमच्या घरी न्हाणी न्हाई का रं?"

त्यानं दोन बाटल्या पुढे केल्या.

"लेक बाळंतीण हाय घरी. ह्यात न्हाऊ घालू का तिला?"

माफी कुणीच मागितली नाही. ऊन चढलं म्हणून सामान भरून निघून गेले. गयाबाई पाणी निवळायची वाट बघत बसल्या.

गाणं आलं की तुम्ही लिहाल, काय जागा आहे! खुशाल लिहा. पण मी तिथं गप्प का उभा राहिलो, हेही मला विचारा.