टाचणीनं टोचलेला जेट

गवत कापायचं मशीन समोर आलं की मिस्त्री आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. "शिळा हाय," म्हणायचे, आंबलेल्या भाताला नाक मुरडावं तसं. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

बाळकुम गावचे हे मिस्त्री, मशीनं दुरुस्त करणारे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. यांच्या खिशात पेनाऐवजी जुना टूथब्रश असायचा. लोक विचारायचे, "मिस्त्री, दात घासायला निघालात की काय?" त्या ब्रशचा एक केस उपटून ते जेटच्या भोकातून फिरवायचे. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा इवलासा तुकडा, ज्यातून पेट्रोल मोजून जातं.

"लोखंड नाय घालाचा, बाबा. पितळ मऊ. भोक मोठा व्हतो."

मी तेव्हा घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत माळी होतो. लागून तीनच महिने झालेले. एकदा मशीन बिघडलं; चोक ओढला की चालायचं, सोडला की बंद पडायचं. मिस्त्रींचं ऐकलेलं होतं, पण मला अतिशहाणपणा नडला. जेट काढला आणि टाचणी खुपसली. मग जास्त पेट्रोल जाऊन मशीन काळा धूर ओकू लागलं.

मॅनेजर भडकले. "कोणी हात लावलाय कळू दे, आजच घरी पाठवतो."

गावी बायकोचे दिवस भरलेले. मी तोंड मिटून मिस्त्रींना बोलावून आणलं.

त्यांनी जेट उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून उभा होतो.

"काय झालंय?" मॅनेजरनी विचारलं.

"झिजलाय, साहेब. जुना झाला. नवा टाकतो."

त्या माणसाला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. माझी नोकरी राहिली. मला ते कधी काही बोलले नाहीत, आणि कबूल करायचा धीर मला अकरा वर्षांत झाला नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या घरी गेलो. ओटीवर त्यांची बायको बसली होती.

"काकी, सोसायटीतला तो जेट मीच टोचला होता," एका दमात सांगून टाकलं.

"तूच काय रं तो?" काकी डोळे पुसत हसल्या. "त्या दिशी हसून हसून त्यांना घास उतरंना. म्हनं, पोरगा असा उभा व्हता, जसा काय खूनच केलाय." मग म्हणाल्या, "येल एक दिस सांगाला, म्हनाचे. लय वाट बगली तुजी."

अकरा वर्षं मी रोज त्यांच्या दारावरूनच कामाला जात होतो.