माशांच्या टाकीकडे तोंड करून

"घाई नाय, बसा निवांत," असं म्हणत तो बिल आणि बडीशेपेची बशी टेबलावर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाकडे चक्क पाठ करून माशांच्या टाकीसमोर जाऊन उभा राहायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईत, माणिकपूरच्या एका फॅमिली हॉटेलात आम्ही दोघं वेटर. तो जवळच्याच वटार गावचा, केळी-फुलांच्या वाड्या करणाऱ्या वाडीवाल्यांपैकी, वयानं मोठा. मी देवगडहून नवीन आलेला. आणि सरळच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो.

का जळू नये? तुम्हीही हॉटेलात जाता, तुम्हीच सांगा. माझी टेबलं पंख्याखाली, त्याची मोरीला लागून. तरी लोक शिरल्या शिरल्या मालकाला विचारणार, "आपले ते कुठे आहेत?" त्याचं टेबल रिकामं होईस्तोवर ताटकळतील, पण माझ्याकडे बसणार नाहीत. टिपेचं सोडा हो. एकदा, फक्त एकदा कुणीतरी मला असं विचारत यावं, एवढीच माझी हौस होती.

बरं, त्याच्यात होतं काय? डावा पाय ओढत चालायचा. थाळीबरोबर सोलकढी आणायला हमखास विसरायचा. मग "डोकं नाय, रिकामी कळशी हाय," म्हणून स्वतःच हसायचा, आणि गिऱ्हाईकही हसायचं. मी विसरलो असतो तर तक्रार थेट मालकाकडे गेली असती. त्यात वाडीतला सोनचाफा आणून गल्ल्यावर ठेवायचा, म्हणजे मालकही खूश. आता बोला!

मी त्याची नक्कल करून पाहिली. बशी ठेवली, "बसा निवांत" म्हटलं, पाठ फिरवली. वळून बघतो तर टेबल रिकामं, बशीही रिकामी. खडीसाखरेचा खडासुद्धा ठेवला नव्हता मेल्यांनी. तिकडे टाकीसमोर याचे खांदे हसून हसून हलत होते. तोंड माशांकडे, मग याला कळलं कसं?

तणतणत त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि बघतो तर काय, टाकीच्या काचेत अख्खं हॉटेल दिसत होतं. कोण खिसा चाचपतोय, कोण बायकोकडे बघतोय, सगळं.

"म्हणजे तू चोरून बघतोस!"

"मग? मासे मोजायला ठेवलंय मला?" तो म्हणाला. "बघायचं. पण बघतोय असं दिसू द्यायचं नाय. तू तर दिवाळीची पोस्त मागायला आल्यासारखा डोक्यावर उभा राहतोस."

पुढे त्याचा पाय फारच दुखायला लागला आणि त्यानं नोकरी सोडली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता तरी लोक मला विचारतील! पण मी वाढलेलं जेवत लोक मलाच विचारायचे, "ते कुठे गेले?"

एका रविवारी दुपारी तो बायकोला घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मालक म्हणाला, "ये, तुझ्या कोपऱ्यात बस."

"नाय. त्याच्या टेबलावर बसवा," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

माझे कान तापले. इतका गडबडलो की सोलकढी विसरलो. "कळशी!" तो बायकोला म्हणाला, आणि दोघं हसली.

वेटरनं वेटरला टिप द्यायची नाही, असा आमच्यातला रिवाज. तरी बिल आणि बशी ठेवून मी टाकीसमोर गेलो. काचेत त्याचा हात खिशाकडे जाताना दिसला आणि मधेच थांबला. त्यानं मान वर केली, काचेतून थेट माझ्या डोळ्यांत बघितलं आणि एक भुवई उडवली. मग सावकाश बशीखाली नोट सरकवली.

मी वळेपर्यंत दोघं दाराबाहेर पडली होती. देण्यातही माझ्यावर कडी केलीन.

त्यानंतर तो कधी आला नाही. पुढे मी बरीच वर्षं त्या टाकीसमोर उभा राहिलो. टिपा मिळाल्या, नाही असं नाही. पण मला विचारत आलेलं गिऱ्हाईक आयुष्यात एकच, आणि तोही हाच लेकाचा.